आबानोची खिंड उघडण्याआधी

खिंडीतला बर्फ अजून कापताहेत.
खाली आल्वानीत, मिंदियाच्या गॅरेजात
नूनूची डेलिका तोंड उघडून उभी.
दहा-बारा दिवसांत रस्ता मोकळा होईल,
मग मीठ, पीठ, गॅसच्या टाक्या, पाहुणे,
एखादी लंगडती मेंढी,
सगळं हिच्याच पाठीवर तुशेतीत चढायचं.

"विंच नवी आहे," नूनू म्हणते,
"पाच टन ओढते. बघायचंय काय तिच्यात?"

मिंदिया विंचेकडे बघतच नाही.
बॅटरीपासून बंपरपर्यंत
अंगठ्याएवढ्या जाड तांबड्या वायरीवरून
बोट सरकवत जातो,
अंधारात जिन्याचा कठडा चाचपावा तसा,
आणि रेडिएटरच्या पट्टीपाशी थांबतो.
"इथे," म्हणतो. "दे बोट."

नूनूच्या बोटाला लागतो
रबरातला एक खड्डा, तांदळाच्या दाण्याएवढा.
खाली तांबं.
उघडं पडलेलं नाही अजून,
पण फार लांबही नाही.

"ओढायची वेळ येते वर्षातून तीनदा.
ही मात्र वर्षभर जागी.
तू गाडी बंद करतेस, चावी खिशात टाकतेस, झोपतेस.
हिला कोणी झोप म्हणत नाही.
दिव्याला फ्यूज, हॉर्नला फ्यूज,
तुझ्या त्या खरखरणाऱ्या रेडिओलासुद्धा फ्यूज,
आणि जी चारशे अँपिअर वाहते
तिला वाटेत हटकणारं कोणी नाही.
गाडीचा सगळा पत्रा मायनस, नूनू.
एवढा पत्रा चहूबाजूंनी वाट बघतोय,
तिने नुसतं टेकायचं."

मी पाना पुढे करतो.
तो काय सांगणार नाही ते मला माहीत आहे.

त्याच्या भावाची पजेरो.
वरच्या वळणावर, ऑक्टोबरात, उभ्या उभ्या जळाली.
दरड नाही, घसरण नाही, लांडगा नाही.
इवाने लघवीला उतरला होता म्हणून वाचला,
हे गावात हसत सांगतात.
मिंदिया हसत नाही.
ती विंच त्यानेच बसवली होती.

आधी काळ्या वायरीचा काडीमोड, मग तांबडीचा.
हा क्रम मी एकदा उलटा केला होता.
माझी डावी भुवई अजून पुरती उगवलेली नाही.

तेलावीच्या बंबवाल्यांनी टाकून दिलेली नळी,
जाड विणीची, तिच्यावर पुसट सात आकडा.
दोन मीटर कापून
मिंदिया वायरीला अंगरखा घालतो.
"जन्मभर पाणी वाहिलंस," नळीला म्हणतो,
"आता विस्तव सांभाळ."
पत्र्याच्या भोकाला रबरी कडं,
वीत-वीतभर अंतरावर क्लिपा,
पण ताठ नाही,
इंजिन थरथरतं, तेवढी ढील हवीच.
टोकांना टोप्या. मग बॅटरीला अगदी लागून
मुठीएवढा फ्यूज
आणि लाल चावीचा स्विच.

"आणि चिखलात असताना फ्यूज उडाला तर?"
"तर चिखलात बसून राहशील."
तो हात पुसतो.
"बसलेला माणूस घरी येतो."

नूनू काही बोलत नाही.
लाल चावी फिरवून पाहते, चालू, बंद, चालू,
बंद करून काढते
आणि घराच्या चावीशेजारी अडकवते.
पैसे मोजताना मात्र दहा लारी कमी देते,
म्हणते, नळी फुकटची होती.

ती गेल्यावर उरतो हातभर तुकडा.
मी केरात टाकायला उचलतो.
मिंदिया तो माझ्या हातातून घेतो,
भिंतीवरच्या जळक्या नंबरप्लेटखाली
खिळ्याला लटकवतो,
आणि पाठमोराच म्हणतो,
दिवे बंद कर.
सगळे.
मेन स्विचसुद्धा.